तो म्हणाला ‘फरक पडत नाही’ आणि मी चिडले : कॉलेजातलं प्रेम, न्यूनगंड आणि एक भाची

संत्रासाल | सोमवार, रात्री ११:१२

भाची नागपुरातच शिकते, दुसऱ्या वर्षाला. काल जेवायला आली होती. भांडी विसळता विसळता म्हणाली, “मावशी, एक मुलगा आहे. चांगला आहे. म्हणून त्याला नाही म्हणून टाकलं.” मी म्हटलं, काऊन? तर म्हणे, “त्याला सगळं कळलं की तोच जाईल. त्यापेक्षा आपणच निघालेलं बरं.”

तिचं ‘सगळं’ काय आहे ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. माझं काय होतं ते मात्र लिहू शकते. पंधरा वर्षं होत आली त्याला.

मला कोड आहे. नवव्या वर्षी गुडघ्यावर पहिला डाग आला, बाराव्यापर्यंत हाताची बोटं आणि उजव्या डोळ्याखाली. आत्याने कुठूनसं बावचीचं तेल आणलं. मे महिन्यात, भर दुपारी, गच्चीवर, तेल लावून पाय उघडे टाकून बसायचं. ऊन जितकं कडक तितका गुण, असा हिशोब. आपलं मे महिन्याचं ऊन काय असतं ते नागपूरकरांना सांगायला नको. संध्याकाळपर्यंत फोड आले. त्यानंतर पंधरा दिवस चादरसुद्धा गुडघ्याला लागू द्यायची नाही मी.

पण ते फोड गेले. राहिलं ते दुसरंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. बाहेरच्यांसाठी सांगते: काळी आणि पिवळी अशा दोन मोठाल्या बायांचे पुतळे, मिरवणुकीने नेऊन जाळतात, आणि माणसं ओरडतात, “इडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!” त्या गर्दीत आत्याने मला खांद्याला धरून पुढे केलं आणि कानात म्हणाली, “म्हण, कोड घेऊन जा गे मारबत.” मी म्हटलं. चांगलं बेंबीच्या देठापासून म्हटलं. शेजारी उभी असलेली बाई वळली, माझ्याकडे पाहिलं आणि दोन पावलं बाजूला झाली.

पुढल्याच वर्षी ताईचं जमलेलं लग्न मोडलं. घरात सांगण्यात आलं की पाहुण्यांना धाकटीचे डाग दिसले. मी तेरा वर्षांची होते. ताई माझ्याशी भांडली नाही, नुसती बोलायची थांबली.

कॉलेजला गेले तेव्हा हे एवढं सामान सोबत होतं. एक बरं, की नागपुरात मुलीने तोंडाला ओढणी बांधली तर कोणी ढुंकून बघत नाही. एप्रिलात तर अख्ख्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, नुसते डोळे फिरत असतात. वर्गात ओढणी सोडावी लागायची, तिथे फाउंडेशन. पाचला उठायचे मी, त्यासाठी.

बीएस्सीचं पहिलं वर्ष, बॉटनीचं प्रॅक्टिकल. रोल नंबरने जोड्या लावल्या. माझ्या जोडीला यवतमाळकडचा एक मुलगा, कोणाशी न बोलणारा. सूर्यफुलाच्या खोडाचे काप घ्यायचे, सॅफ्रॅनिनमध्ये रंगवायचे, ग्लिसरीनच्या थेंबावर ठेवायचे. माझ्या बोटांवर सॅफ्रॅनिन सांडलं. काही सुचायच्या आत मी कापसाने स्पिरिट लावून पुसलं. लाल रंग अर्धामुर्धा निघाला, फाउंडेशन पूर्ण निघालं. दोन पांढरी बोटं आणि त्यावर गुलाबी डाग. त्याने पाहिलं. मी त्याला पाहताना पाहिलं. मग तो म्हणाला, “ग्लिसरीन टाक ना, सेक्शन वाळून राहिला.”

एवढंच. मला वाटतं मी तिथेच पडले. बाकीचं उद्या लिहिते, कुकर लावायचाय सकाळी. तोवर सांगा, त्या पोरीला काय सांगू?

जुना_बर्डीकर | सोमवार, रात्री ११:५८

हे काय, ऐन रंगात आल्यावर कुकर! आमच्या वेळी मुलींच्या ओढण्यांवरून मुली ओळखायची स्पर्धा असायची, त्याची आठवण झाली आणि जरा लाजही वाटली. त्यातली एखादी अशी असेल हे डोक्यातच आलं नाही कधी.

पेठेतला_एक | मंगळवार, सकाळी ७:२०

लेखन छान, पण स्पष्ट बोलतो. न्यूनगंड हा ज्याचा त्याने सोडवायचा असतो. जोडीदार म्हणजे समुपदेशक नव्हे. भाचीला सांगा की आधी स्वतःवर प्रेम करायला शीक, मग दुसऱ्यावर. अपूर्ण माणसं एकत्र आली की दोघंही बुडतात.

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, सकाळी ८:०५

पेठेतले भाऊ, आधी सोतावर प्रेम कर म्हणजे नेमकं काय करू जी? आरशात पाहून नमस्कार घालू? मी गावाकून आलो तवा मले इंग्रजीत फॉर्म भरता येत नव्हता. सोतावर प्रेम कराची फुरसद पहिली नोकरी लागल्यावर भेटली, तवर बायको भेटून गेली होती. तिनं फॉर्म भरून देल्ला. पूर्ण माणसं पायजेत म्हणता, तर तुमच्या पेठेत तरी किती सापडतीन?

पेठेतला_एक | मंगळवार, सकाळी ९:११

सापडत नाहीत, हे मान्य. पण मुद्दा तसाच आहे.

संत्रासाल | मंगळवार, रात्री १०:४०

पेठेतला_एक, तुमचं अगदीच चूक नाही. पुढे येईल ते.

दुसऱ्या वर्षी पोळा झाला आणि मारबतीचा दिवस आला. नागपुरात त्या दिवशी सुट्टी असते. मी मारबतीला जात नाही हे तुम्हाला कळलंच असेल. घरी आत्या होती, म्हणून मी अभ्यासिकेत जाऊन बसले. अख्ख्या अभ्यासिकेत दोनच माणसं. एक मी, आणि चार टेबलं सोडून तो.

मी विचारलं, पोळ्याला गावी नाही गेलास? म्हणाला, “आमच्याकडं बैलच नाही राहिले. रिकाम्या गोठ्यात जाऊन काय करू?” आणि मग त्याने विचारलं, “तू काऊन नाही गेली मारबत पाहाले?”

इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं. आत्या, गर्दी, ती दोन पावलं. तो ऐकत होता, आणि शेवटी म्हणाला, “मले तर काही फरक नाही पडत त्या डागांनी.”

मला इतका राग आला! आजही सांगता येत नाही नीट. वाईट हेतू नव्हता त्याचा. पण मी आयुष्यात पहिल्यांदा एवढं बोलले आणि त्याने एका वाक्यात दार लावून घेतलं, असं वाटलं. मी म्हटलं, “मला पडतो ना पण!” आणि दप्तर उचलून निघाले.

आठ दिवसांनी प्रॅक्टिकलला पुन्हा जोडी. तो काप घेता घेता, वर न बघता म्हणाला, “मारबतीच्या दिवशी ते सांगून राहिली होती ना तू. ते बाई सरकली. मग काय झालं?”

मग काय झालं. बस. मग मी सांगितलं की घरी येताना आत्याने मला बर्फाचा गोळा घेऊन दिला होता, आणि तो मी संपवला होता, आणि मला त्या गोळ्याची जास्त लाज वाटते. हे मी त्याच्याआधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

त्याचं पुढे जानेवारीत कळलं. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, वर्षात मोजक्या दिवशी लोकांना उघडतात, २६ जानेवारी त्यातला एक. तोबा गर्दी असते, म्हणजे ओळखीचं कोणी भेटलं तरी “कॉलेजचा ग्रुप आहे” म्हणून खपतं. तिथल्या भिंतीला टेकून त्याने पाकिटातून एक कागद काढला. चार घड्या, घड्यांवर फाटत आलेला. झेरॉक्स होती, मूळ पत्र आईजवळ, रेशनकार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत.

२००६ मध्ये त्याच्या बाबांनी आत्महत्या केली होती. त्या वर्षीच्या जुलैत पंतप्रधान विदर्भात आले होते, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं, आठवत असेल. अशा घरांना सरकार १ लाख रुपये देतं, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण त्याआधी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. सातबारा हवा, बँकेचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं थकलेलं कर्ज हवं, वसुलीचा तगादा हवा. यांचं कर्ज होतं ते सगळं उधारीचं. बियाणं, खत, वरून हातउसने. कागद एकाचाही नाही. म्हणून पत्रात तो शब्द: ‘अपात्र’. कोणीतरी त्याच्याखाली निळ्या पेनाने रेघ ओढली होती.

तो म्हणाला, “बाबा मेल्यावरही नापास झाले.” त्याची आई बटईने शेत करायची, आणि तो इथे संध्याकाळी मेसचे डबे सायकलवरून पोचवायचा. वर्गातल्या तीन मुलांच्या रूमवरही त्याचेच डबे जायचे. तो बाहेर डबा ठेवून, बेल वाजवून, जिन्यावरून पळायचा.

मी रडले. आणि आता चिडायची पाळी त्याची होती. “रडू नको ना बाप्पा, मले आता तुले समजवा लागते,” म्हणाला. मी डोळे पुसले आणि विचारलं, “बरं. पत्र आलं. मग काय झालं?”

ओपीडीतली_ताई | मंगळवार, रात्री ११:३०

बर्फाच्या गोळ्यापाशी थांबले जरा.

चौदा वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स आहे, म्हणून थोडं लिहिते. कोड म्हणजे कुष्ठरोग नाही. ‘पांढरं कुष्ठ’ हा शब्द अजून लोक वापरतात, त्याने फार नुकसान केलंय. आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते, त्यातून हे होतं. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एका टॉवेलने पसरत नाही. मासे आणि दूध एकत्र खाण्याशी संबंध नाही. आई किंवा वडिलांना असलं तरी बहुतेक मुलांना होत नाही.

बावचीबद्दल: तिच्यात सोरालेन असतं, ते त्वचा उन्हाला हळवी करतं. डॉक्टर त्याच गुणाचा उपयोग मोजून-मापून, ठरावीक प्रकाशात करायचे. घरी लावून नागपूरच्या उन्हात बसवणं म्हणजे पोराला भाजणं. अजूनही मे-जूनमध्ये अशी मुलं येतात आमच्याकडे. आता नॅरोबँड यूव्हीबीचे, म्हणजे ठरावीक अतिनील प्रकाशाचे, उपचार आहेत, आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्महिने. चेहऱ्यावर गुण चांगला येतो, बोटांच्या टोकांवर कमी.

आणि भाचीसाठी, किंवा हे वाचणाऱ्या कोणासाठीही: १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर फुकट आहे, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. घरात आत्महत्या झालेल्या मुलांनाही मी तो लिहून देते. मोठी माणसं त्यांच्यासमोर तो विषय गिळून टाकतात आणि मुलं मग एकटीच चघळत बसतात.

कापूसकोंड्या | बुधवार, रात्री १:१७

झोप येत नाही म्हणून लिहितो. मी तुमच्या भाचीने केलं तेच केलं होतं. घरी वडील पिऊन यायचे, गल्लीला माहीत होतं. एक मुलगी होती. तिने एकदा रामटेकला जायचं ठरवलं, सगळा ग्रुप. मी आदल्या रात्री निरोप दिला की बरं नाही. मग हळूहळू फोन बंद केले. मनात भावना अशी की आपण त्याग करतोय, तिचं भलं करतोय.

बारा वर्षांनी एका लग्नात भेटली. पंगतीत शेजारी. जिलेबी वाढून झाल्यावर म्हणाली, “तुझ्या बाबांचं मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. आम्ही मागच्याच गल्लीत राहायचो ना.”

मी ती जिलेबी खाल्ली की नाही, आठवत नाही.

निळीशाई | बुधवार, सकाळी १०:०२

कापूसकोंड्या, नमस्कार तुम्हाला.

संत्रासाल, दोन खवचट प्रश्न. एक, जात? दोन, हे प्रेम होतं की दोन दुखावलेल्या माणसांनी एकमेकांना दिलेला टेकू? कारण टेकू काढला की भिंत पडते.

संत्रासाल | बुधवार, रात्री ११:०५

जात वेगळी होती. त्यावर लिहायचं तर दुसरा धागा काढावा लागेल, आणि तो धागा दोनशे प्रतिसादांनंतर बंद करावा लागेल. सोडा.

दुसरा प्रश्न चांगला आहे, कारण तो मलाही पडला होता आणि मी तो सगळ्यात घाण पद्धतीने विचारला. तिसरं वर्ष. फुटाळा तलावाच्या कट्ट्यावर भुट्टा खात होतो. तो म्हणाला, आता घरी सांग. मी टाळत होते. त्याला वाटलं, डबे पोचवणारा म्हणून टाळते. मला वाटत होतं, माझ्यामुळे एक लग्न मोडलंच आहे, आता दुसरा तमाशा नको. हे न बोलता मी बोलले ते असं: “तुला दुसरी कोणी देणारच नाही, म्हणून मी चालते तुला.” त्याने भुट्टा खाली ठेवला. म्हणाला, “आन तुले तरी...” आणि थांबला. पुढचं बोललाच नाही. बोलायची गरज नव्हती.

नऊ महिने बोललो नाही. पेठेतला_एक, इथे तुमचं बरोबर होतं, बुडालो होतो दोघंही.

सुटलं ते भलतीकडून. ताई माहेरी आली होती, भाची तेव्हा सहा वर्षांची. माझं कशावरून तरी बिनसलं आणि मी ताईला म्हटलं, तुझं लग्न माझ्यामुळे मोडलं म्हणून तू इतकी वर्षं माझा राग करते. ताई मटार सोलत होती. हात थांबला तिचा. म्हणाली, “तुला नाही माहीत? गाडी मागितली होती त्यांनी. बाबांजवळ पैसे नव्हते. हुंड्यासाठी मोडलं म्हणायची लाज, म्हणून बाबांनी तुझ्या डागांचं सांगितलं सगळीकडे.” मी म्हटलं, मग तू बोलत का नव्हतीस माझ्याशी? म्हणे, “तुझ्याकडे बघितलं की बाबा खोटं बोलले ते आठवायचं. तू लहान होती, तुला काय सांगू.”

आठ वर्षं. एका मोटरसायकलसाठी. बाबांना मी कधीच विचारलं नाही, आणि आता ते नाहीत.

त्या संध्याकाळी फाउंडेशन न लावता गोकुळपेठेतल्या त्याच्या मेसवर गेले. काकू डबे भरत होत्या, तो बाहेर सायकलला पिशव्या अडकवत होता. मला बघून नुसता उभा राहिला. काकूंना काय कळलं कोण जाणे, म्हणाल्या, “उभी काऊन आहे पोरी? झाकणं लाव, उशीर होऊन राहिला.” मी पुढे झाले. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, चांगलं निरखून. माझा श्वास अडकला. म्हणाल्या, “हात धुतला ना?”

मी हसत सुटले, मग रडत सुटले, आणि मग हात धुतले.

बावीस डबे होते. सायकल हातात धरून दोघं चालत गेलो. मी ताईचं सांगत होते आणि प्रत्येक जिन्याखाली तो पुन्हा विचारायचा, “मग?” त्या दिवशी तो बेल वाजवून पळाला नाही. एका दारात आमच्याच वर्गातला पोट्टा उघडाबंब उभा होता, तोच जास्त लाजला.

टेकू का प्रेम, मला अजून सांगता येत नाही, निळीशाई. लग्नाला अकरा वर्षं झाली. डोळ्याखालचा डाग उपचारांनी भरला, बोटांचे तसेच आहेत. तो पोळ्याला आता गावी जातो. मी मारबतीला अजून जात नाही.

वऱ्हाडी_ठेचा | बुधवार, रात्री ११:२२

हात धुतला ना! त्या काकूले साष्टांग दंडवत.

जुना_बर्डीकर | गुरुवार, सकाळी ६:५०

विषयांतराबद्दल माफी, पण ती मेस अजून आहे का? गोकुळपेठेत आम्हीही एका मेसवर जेवायचो, तिथल्या वरणात सांबार एवढा असायचा की वरण शोधावं लागे. (बाहेरच्यांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर.)

संत्रासाल | गुरुवार, सकाळी ९:३०

काकू थकल्या, मेस बंद झाली. वरणाचं वर्णन जुळतंय पण.

पेठेतला_एक | गुरुवार, दुपारी १:१५

‘फरक पडत नाही’ हे वाक्य मी बायकोला साखरपुड्याच्या दिवशी म्हटलं होतं, तिच्या एका गोष्टीबद्दल. मोठेपणा केला असंच वाटत होतं आजवर. काल तिला विचारलं, तेव्हा तुला कसं वाटलं होतं? ती म्हणाली, “सतरा वर्षांनी विचारतोयस?” आणि मग दीड तास बोलली. चहा दोनदा गार झाला. इतकंच कळवायचं होतं.

संत्रासाल | शनिवार, रात्री १०:१५

भाचीने धागा वाचला. मीच लिंक पाठवली, भीत भीत, कारण तिच्या आईचंही यात आलंय. दोन दिवस काही बोलली नाही. आज घरी आली, सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. त्या मुलाचं काय ठरवलं ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, “मावशी, त्या सेक्शनचं मग काय झालं?”

तिरपा आला होता. दहापैकी सहा.